आमचा मारका कोंबडा

ब्राह्मणाच्या घरीं कोंबडा कशाला, हा प्रश्न वरील मथळा पाहतांच कांहीं वाचकांच्या मनांत उभा राहील, आणि तो साहजिक आहे. जन्मभर मुलांकडून शब्द व धातु घोकून घेतलेला मास्तर उतारवयांत हातांत सूप घेऊन अंगणांत एका पक्ष्यापुढें उभा राहील, असें दोन वर्षांपूर्वीं कोणीं सांगितलें असतें तर आम्हीहि हंसलों असतों. परंतु ज्या घरांत नातवंडें आहेत त्या घरांत काय येईल व काय राहील हें वडील माणसाच्या हातीं राहत नाहीं, हा अनुभव एकत्र कुटुंबांतील बहुतेक आजोबांस असेल. कोंबडा आमच्या घरांत आला, वाढला, आणि एके दिवशीं त्यानें आमच्या पांच वर्षांच्या नातवाच्या डोळ्याखालीं बोटभर अंतरावर जखम केली. त्यानंतरच्या चार महिन्यांत आम्ही जें शिकलों तें येथें लिहीत आहों. आमच्या झाडीपट्टींत कोंबडा नाहीं असें अंगण विरळा, आणि मारक्या कोंबड्यावर जो तो जो उपाय सांगतो तो बहुधा उलटा असतो.

गोंडपिपरी हें चंद्रपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. तालुक्याच्या एका अंगास वर्धा, दुसऱ्या अंगास वैनगंगा. या दोघी पुढें चपराळ्याजवळ एकमेकींस मिळतात व तेथून त्यांस प्राणहिता हें नांव पडतें. वर्धेपलीकडे तेलंगण. सखल भागांत धानाच्या बांध्या, उरलेल्या भागांत रान. अशा मुलखांत कोंबडी हें गरिबाचें चालतें धन असतें. आमची शेती बटईनें करणाऱ्या गोंड शेतकऱ्याच्या घरीं दोन वर्षांपूर्वींच्या ज्येष्ठांत एका कोंबडीस मुंगसानें मारलें आणि तिच्या पिलांपैकीं एकच उरलें. आमचीं नातवंडें त्या दिवशीं शेतावर गेलीं होतीं. तीं परत आलीं तीं तें पिलूं टोपींत घालूनच.

मंडळींनीं पहिल्या दिवशीं “माजघराच्या उंबऱ्याच्या आंत येतां कामा नये” एवढी एकच अट घातली, आणि आठव्या दिवशीं त्या स्वतःच त्याच्यासाठीं तांदळाची कणी पाखडून ठेवूं लागल्या. पडवींत एका खोक्यांत ऊब देण्यासाठीं विजेचा दिवा लावून पिलूं ठेवलें. त्याचा रंग पिवळट म्हणून मुलांनीं त्याचें नांव सोन्या ठेवलें. तें मुलांच्या मांडीवर झोंपे, त्यांच्या ताटाजवळ घुटमळे, अभ्यासाच्या वेळीं पुस्तकावर येऊन बसे. दुसरें कोंबडें त्यानें कित्येक महिने पाहिलें नाहीं. मुलांचा एक आवडता खेळ असे: उघड्या तळव्यानें त्याच्या छातीस हलकेच ढकलावयाचें. तें मागें सरे, मानेचीं पिसें फुलवी, आणि तळव्यावर उडी घेई. मूठभर पिलाचा तो आवेश पाहून सारें घर हंसे. आम्हीहि हंसलों आहों, हें येथें कबूल करणें भाग आहे. कारण पुढें जें झालें त्याचा पहिला धडा त्यास आम्हींच दिला होता.

पिलूं असील जातीच्या अंशाचें होतें. उंच मान, लांब पाय, आंखूड चोंच. असील म्हणजे अरबींत अस्सल, खानदानी. आपल्या देशांतील झुंजीच्या कोंबड्यांची ही फार जुनी जात. आंध्र, ओडिशा, छत्तीसगड या बाजूस ती विशेष आढळते. बटईदारानें ही गोष्ट तेव्हांच सांगितली होती. आम्हीं ती कौतुकानें ऐकली आणि विसरलों.

कार्तिकांत सोन्या प्रथम आरवला. पाणिनीनें ह्रस्व, दीर्घ व प्लुत हे भेद सांगण्यास अकार सोडून उकार कां घेतला, या शंकेस वैयाकरणांच्या परंपरेंत असें उत्तर देतात कीं, कोंबड्याच्या आरवण्यांत तिन्ही उकार क्रमानें ऐकूं येतात. वर्गांत हें आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों. प्रमाण अंगणांत मिळालें तें आतां. मात्र आमच्या सोन्याचे पहिले प्रयोग अशुद्ध होते, त्याचा प्लुत मध्येंच फुटत असे. कोंबडा उजाडलेलें पाहून आरवतो ही समजूतहि सर्वस्वीं खरी नाहीं. जपानांतील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, उजेड न दाखवितांहि त्याच्या शरीरांतील घड्याळ त्यास पहांटे आरवावयास लावतें. आणि २०१५ सालीं त्याच मंडळींनीं असें प्रसिद्ध केलें कीं, अनेक कोंबडे एकत्र असले म्हणजे त्यांतील वरचढ तो प्रथम आरवतो व बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणें मागून आरवतात. ही पायरीची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

अमरकोशांत कोंबड्याचीं जीं नांवें आहेत त्यांत ताम्रचूड व कृकवाकु हीं कानास गोड. पण आमच्या घरांत खरें ठरलें तें चरणायुध. पाय हेंच ज्याचें शस्त्र तो चरणायुध. कोंबडा चोंचीनें मारतो असा पुष्कळांचा समज असतो. चोंच तो मारतोच. परंतु खरा घाव पायाचा. त्याच्या पायाच्या मागील बाजूस, पंजाच्या वर, एक कांटा असतो. आंत हाड व वर शिंगासारखें कठीण आवरण अशी त्याची रचना. पांच-सहा महिन्यांच्या कोंबड्यास तो नुसता गांठीसारखा असतो. वर्ष उलटलें म्हणजे वाढून टोंकदार होतो. कोंबडा उडी घेतो, अंग मागें टाकतो, आणि दोन्ही पाय एकदम पुढें झाडतो. हें सर्व इतक्या झटपट होतें कीं, माणसास प्रथम पंखांचा फडकारा तेवढा जाणवतो व रक्त मागून दिसतें.

पौषापासून त्याची वागणूक पालटली. तो सरळ अंगावर येत नसे. आधीं दूर उभा राहून एका डोळ्यानें पाही, मग एक पंख जमिनीपर्यंत खालीं सोडून अर्धवर्तुळांत तिरपा तिरपा सरकत येई, मध्येंच थांबून कांहीं नसलेल्या ठिकाणीं उगाच चोंच आपटी. मुलें म्हणत, “आजोबा, सोन्या नाचतो.” तें नाचणें नव्हतें, तें आव्हान होतें. पहिल्यानें केरसुणीवर त्याचा राग. मग दूधवाल्याच्या बादलीवर. मग सूनबाईच्या पदरावर. दूधवाला फाटकाबाहेरूनच हांक मारूं लागला. सूनबाई वाळवण घालावयास निघाली कीं एका हातांत काठी घेई. एवढें होऊनहि आम्हीं त्याकडे विनोद म्हणूनच पाहिलें. भाद्रपदांत आमच्या वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशीं, ब्राह्मण पानावर बसले असतां, हा गृहस्थ मागील दारानें आंत शिरला व ऐन वाढपाच्या वेळीं पडवींत उभा राहून आरवला. श्राद्धाच्या पंक्तीवर कोंबड्याची दृष्टि पडूं नये अशी मनुस्मृतीची आज्ञा. बसलेल्या ब्राह्मणांपैकीं एकजण हंसून म्हणाले, “मास्तर, आज्ञा मोडली खरी, पण यजमान तो दिसतो, तुम्ही नव्हे.” त्या वाक्यांत किती तथ्य होतें तें पुढील महिन्यांत कळलें.

आश्विनांतील एका दुपारीं धाकटा नातू विहिरीजवळ चिखलांत घर करीत वांकून बसला होता. त्याचें तोंड कोंबड्याच्या उंचीवर आलें, एवढाच त्याचा अपराध. आम्ही ओसरीवरून उठेपर्यंत सर्व होऊन गेलें. डाव्या डोळ्याखालीं, गालाच्या हाडावर, उभी चीर पडली होती. रक्त इतकें कीं डोळा शाबूत आहे किंवा नाहीं तें समजेना. सूनबाईनें त्यास नळाखालीं धरून साबणानें जखम धुतली. तिनें न रडतां केलेलें तेवढें एक काम त्या दिवशीं सर्वांत मोलाचें होतें. दवाखान्यांत दोन टांके पडले व धनुर्वाताची सुई टोंचली. कोणीं शेजाऱ्यानें पिसाळण्याच्या सुया घ्यावयास हव्यात असें सांगून घाबरविलें होतें. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं, तो रोग सस्तन प्राण्यांपासून होतो, पक्ष्यांपासून नव्हे. पण कोंबडा शेणांत व उकिरड्यांत पाय घालतो, त्यामुळें खोल जखम धुण्यांत आळस करूं नये. थोडक्यांत डोळा वांचला. त्या रात्रीं आमचे चिरंजीव जेवले नाहींत, व आमच्याशीं बोललेहि नाहींत.

कोंबड्याचा घाव म्हणजे हंसण्यावारीं नेण्याची बाब, अशी समजूत असणाऱ्यांसाठीं येथें एक हकीकत नमूद करतों. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील ७६ वर्षांची एक बाई अंडीं गोळा करीत असतां कोंबड्यानें तिच्या पायावर चोंच मारली. तिच्या पायांच्या शिरा फुगलेल्या होत्या. त्यांतील एक फुटून इतका रक्तस्राव झाला कीं ती त्यांतच वारली. २०१९ सालीं ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. आपल्याकडे पायांच्या शिरा फुगलेल्या वृद्ध स्त्रिया घरोघर आहेत, आणि अंगणांत पहांटे प्रथम जातात त्याहि त्याच.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. एकानें म्हटलें, पाण्याचा मारा करा. दुसऱ्यानें म्हटलें, लाथ घाला, एकदां खरपूस मार बसला कीं पुन्हां नांव घेणार नाहीं. तिसऱ्यानें सर्वांत सोपा उपाय सांगितला, जो आमच्याभोंवतींच्या बहुतेक घरांत होतो व ज्याबद्दल त्या घरांस दोष देण्याचें आम्हांस कारण नाहीं. पण तो आमच्या घरीं होणें शक्य नव्हतें. ज्यास मंडळींनीं स्वतः कणी चारून वाढविला त्यास दुसऱ्याच्या हातानें कापवून आपण हात झटकणें यांत कोणता धर्म, असें त्यांनींच विचारलें. खच्ची करून कोंबडा शांत होतो ही युक्तिहि कोणीं सुचविली. ती जुनी खरी. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत कोंबड्यास खच्ची करूं नये अशी आज्ञा आहे, त्या अर्थीं तेव्हांहि ती चालत असली पाहिजे. परंतु पक्ष्याचीं वृषणें शरीराच्या आंत असतात. तें घरगुती काम नव्हे.

आणि मग एक सल्ला न मागतां आपल्या पायांनीं चालत आला. दिवाळीनंतर नदीकडील एका गांवचा अनोळखी गृहस्थ फाटकाशीं येऊन उभा राहिला. मारका असील विकावयाचा आहे असें त्याच्या कानावर गेलें होतें. त्यानें खांद्यावरचा पंचा काढून सोन्यापुढें हालविला. सोन्यानें एकदां नव्हे, तीनदां उडी घेतली. गृहस्थाच्या चेहऱ्यावर आम्हांस जो आनंद दिसला तो चांगला विद्यार्थी पाहून आमच्या चेहऱ्यावर दिसत असे त्याच जातीचा होता. त्यानें तीन हजार रुपये सांगितले, व आम्ही गप्प बसलेले पाहून चार केले. चिरंजीव म्हणाले, “बाबा, देऊन टाका. पीडा जाते, आणि कापलाहि जात नाहीं.” खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तें पटलें होतें. आम्हीं त्या गृहस्थास आठवड्यानें यावयास सांगितलें.

तो कोंबडा कोठें जाणार हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत हिंवाळ्यांत रानांतल्या मोकळ्या जागीं कोंबडबाजार भरतात. नांव बाजाराचें, व्यवहार पैजेचा. दोन कोंबड्यांच्या पायांस काती, म्हणजे धारदार लोखंडी पातें, दोऱ्यानें आवळून बांधतात व त्यांस एकमेकांवर सोडतात. निसर्गानें दिलेल्या कांट्यानें जी झुंज एकाच्या माघारींत संपली असती ती कातीनें एकाच्या मरणांत संपते. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरीं शिजतो. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत मेंढे, कोंबडे व लावे यांच्या झुंजी लावणें ही एक कला गणली आहे, व दंडीच्या दशकुमारचरितांत कोंबड्यांच्या झुंजीचा प्रसंग आला आहे. त्यामुळें ही करमणूक रानांतल्या लोकांची, नागरांस तिचा गंधहि नव्हता, असें म्हणण्याची सोय आपणांस नाहीं. आज मात्र ती गुन्हा आहे. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमानें प्राण्यांस झुंजीस लावणें व त्यासाठीं जागा चालविणें या दोहोंस मनाई केली आहे. पैजेमुळें जुगाराचा १८८७ चा कायदाहि लागतो. पोलिसांच्या धाडींत कोंबडे, काती व रोकड एकाच पंचनाम्यांत येतात.

२०२१ च्या फेब्रुवारींत तेलंगणांतील जगित्याल जिल्ह्यांत लोथुनूर गांवीं एका झुंजीसाठीं पातें बांधलेल्या कोंबड्यानें सुटण्याच्या धडपडींत आपल्या धन्याच्याच जांघेंत घाव केला, आणि रक्तस्रावानें तो गृहस्थ मरण पावला. कोंबड्यास कांहीं काळ गोल्लापल्लीच्या पोलीस ठाण्यांत ठेवावें लागलें, या तपशिलामुळें ती बातमी देशभर थट्टेचा विषय झाली. त्या माणसाच्या घरीं ती थट्टा कशी ऐकिली गेली असेल, हा विचार आमच्या मनांत त्या आठवड्यांत वारंवार आला. आमच्या नातवाच्या गालावरचे टांके अजून निघाले नव्हते. ज्या स्वभावानें आमच्या घरीं रक्त काढलें त्याच स्वभावाची किंमत घेऊन तो दुसऱ्याच्या अंगणांत, हातीं लोखंड देऊन, पाठवावयाचा. आणि वर म्हणावयाचें कीं, कापला तर नाहीं! आठव्या दिवशीं तो गृहस्थ आला तेव्हां आम्हीं नकार दिला. तो रागावला नाहीं. “गुरुजी, हा तुमच्या घरीं बसून वायां जाते,” एवढेंच म्हणाला.

नकार देणें सोपें होतें. कोंबडा अद्याप अंगणांत होता, डालग्याखालीं कोंडलेला, व जवळून कोणीं गेलें कीं आंतून धडका देत होता. शेवटीं बटईदारास बोलावलें. त्यानें डालगें उचलावयास सांगितलें आणि आपण स्वस्थ उभा राहिला. सोन्या पंख टाकून तिरपा आला. तो मागें सरला नाहीं, पुढेंहि झाला नाहीं, हातहि उगारला नाहीं. उडी आली तेव्हां पायापुढें सूप आडवें धरलें. तीन उड्या सुपावर फुकट गेल्या. मग सोन्या थांबला, जमिनीवर उगाच दोन चोंची मारल्या, व दुसरीकडे पाहूं लागला. तेव्हां बटईदार म्हणाला, “गुरुजी, ह्याले मारू नका, अन् ह्याले पाहून पळू बी नका. पळता तं त्याले वाटते आपण जिंकलो. मारता तं त्याले वाटते हा बी कोंबडाच, लढाले आला.”

हेंच तत्त्व नॉर्वेतील थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे या विद्वानानें शंभर वर्षांपूर्वीं मांडलें. त्यास लहानपणापासून कोंबड्यांचा नाद. कोण कोणास टोंचतें याच्या नोंदी ठेवून त्यानें १९२१-२२ च्या सुमारास असें दाखविलें कीं, कोंबड्यांच्या कळपांत प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. वरची खालच्या सर्वांस टोंचते, खालची उलट टोंचीत नाहीं. पायरी एकदां ठरली कीं रोजच्या मारामाऱ्या थांबतात. कोंबड्यांचेंहि तसेंच. आमचा सोन्या माणसांतच वाढल्यामुळें आपणांस माणूस समजतो, असें आम्ही कौतुकानें म्हणत असूं. खरें तें उलट होतें: तो आम्हां सर्वांस कोंबडे समजत होता. पळणारी सूनबाई खालच्या पायरीची; लाथ उगारणारे चिरंजीव प्रतिस्पर्धी; आणि छातीस हात लावून ढकलणारीं मुलें तर पिलपणापासून त्याच्याशीं झुंजत आलेलीं. कोंबडीनें व इतर कोंबड्यांनीं वाढविलेला कोंबडा आपली झुंज आपल्या जातींत संपवितो. हातावर वाढविलेला, दुसरा कोंबडा न पाहिलेला, तोच पुष्कळदां अधिक धोक्याचा निघतो, असा अनुभवी लोकांचा निर्वाळा आहे.

मार्गशीर्षांत आम्हीं शाळा सुरू केली. नेम असा: सकाळीं व संध्याकाळीं सूप घेऊन अंगणांत जावयाचें, तो आव्हान देईल तेव्हां स्तब्ध राहावयाचें, उडी सुपावर घ्यावयाची, आणि तो तोंड फिरवीपर्यंत आपण निघावयाचें नाहीं. यांतील शेवटची अट सर्वांत कठीण. पहिल्या दिवशीं आम्ही पाऊण तास उभे होतों. सूर्य डोक्यावर आला, मंडळी दोनदां जेवणास बोलावून गेल्या. दुसरी गोष्ट, अंधार पडल्यावर त्यास हातीं घेणें. कोंबड्यास रात्रीं फारसें दिसत नाहीं. दांडीवर बसलेला असतां पंख अंगाशीं धरून अलगद उचलतां येतो. काखेंत घेऊन दहा-पंधरा मिनिटें अंगणांतून फिरावें, त्याचें अंग सैल पडलें म्हणजे खालीं ठेवावें. दाबून, मान वांकवून, अद्दल घडविण्याच्या भावनेनें हें करूं नये. काखेंतल्या त्या ऊबदार जीवाचें हृदय किती वेगानें धडधडतें तें प्रथमच कळलें. तिसरी गोष्ट, हातांतून दाणे देणें बंद. कणी जमिनीवर पसरावी व आपण बाजूस व्हावें.

नवव्या दिवशीं आमचा तोल गेला. सूप ओसरीवर राहिलें होतें, व पाठमोरे असतां त्यानें पोटरीवर उडी मारली. आम्हीं मागचापुढचा विचार न करतां त्यास लाथ मारली. ती बसलीहि नाहीं; मात्र त्याची दुसरी उडी बसली. पुढले चार दिवस तो आम्हांस पाहतांच अंगणाच्या दुसऱ्या टोंकापासून धांवत येई. आठ दिवसांत कमावलेलें एका क्षणांत गेलें. वर्गांत छडी उगारल्यानंतर हाच अनुभव आम्हांस अनेकदां आला होता. तेव्हां तो मुलांच्या स्वभावावर ढकलणें शक्य होतें.

गुरांच्या दवाखान्यांतील डॉक्टरांच्या सांगण्यावरून कांट्यांचा बंदोबस्त केला. कांटा मुळाशीं कापावयाचा नसतो. आंतील हाडांत रक्त असतें. फक्त टोंक कानशीनें घांसून बोथट करावयाचें. रात्रीं बटईदारानें धरला व आम्हीं घांसला. दर दीड-दोन महिन्यांनीं हें पुन्हां करावें लागतें. बोथट कांट्यानेंहि मार बसतो, पण चीर पडत नाहीं.

सर्वांत अधिक उपयोग मात्र कोंबड्यांचा झाला. एका कोंबड्यास आठ-दहा कोंबड्या असाव्यात असा सर्वसाधारण हिशेब आहे. दोन-तीनच असल्या तर त्यांच्या पाठीचीं पिसें उरत नाहींत. आमच्या सोन्यास एकहि नव्हती. परसाच्या टोंकाशीं बांबूची ताटी घालून वेगळें आवार केलें, खुराडें बांधलें, व बटईदाराकडून सात तलंगा आणल्या. पहिल्या दिवशीं तो बावचळला. चौथ्या दिवशीं आम्हीं कणी टाकली तेव्हां त्यानें खाल्ली नाहीं. एक दाणा चोंचींत उचलावा, खालीं टाकावा, पुन्हां उचलावा, आणि घशांतून बारीक कुटकुट आवाज करून तलंगांस बोलवावें, असें चाललें होतें. हें त्यास कोणीं शिकविलें? त्यानें तर आई पाहिली होती ती आठवड्याच्या आंत. चाणक्यनीतींत कोंबड्यापासून चार गुण घ्यावेत असें सांगितलें आहे: वेळेवर उठणें, झुंजणें, आप्तांस वांटून देणें व आपल्या पराक्रमानें मिळवून खाणें. आमच्या घरीं त्यास पहिल्या दोहोंपलीकडे वावच मिळाला नव्हता.

आतां फाल्गुन लागला आहे. आम्ही, चिरंजीव व सूनबाई आवारांत जातों तेव्हां तो एक डोळा आमच्यावर ठेवून तलंगांमागें फिरतो. महिन्यांत एखाद्या वेळीं पंख खालीं सोडतो. आम्ही उभे राहतों. तो विचार बदलतो. तो पूर्ण सुधारला असें आम्ही म्हणणार नाहीं. लहान मुलास ताटीच्या आंत जाऊं देत नाहीं व पुढेंहि देणार नाहीं. पांच वर्षांच्या मुलास स्तब्ध उभें राहण्याची विद्या शिकवीत बसणें हा डोळ्याचा जुगार आहे. ज्यांच्या घरीं रांगतें किंवा दुडदुडणारें मूल आहे व ताटी घालण्यास जागा नाहीं, त्यांनीं असा कोंबडा ठेवूंच नये. तो कोणास द्यावयाचा तर घेणारा त्यास कशासाठीं नेतो तें विचारून द्यावा. कांहीं कोंबडे कोणत्याहि उपायानें शांत होत नाहींत असेंहि अनुभवी लोक सांगतात.

नातवाच्या गालावर पांढरी रेघ राहिली आहे. कित्येक आठवडे तो परसाकडे फिरकत नव्हता. गेल्या रविवारीं तो आमच्या मागें मागें ताटीपर्यंत आला, बांबूच्या फटींतून बराच वेळ पाहत राहिला, आणि मुठींतली कणी त्यानें ताटीवरून आंत फेंकली. ती सोन्याच्या पाठीवर पडली. सोन्यानें अंग झाडलें, एक दाणा उचलला, आणि तलंगांस हांक मारली. नातवानें विचारलें, “आजोबा, मला बोलावतो का?” आम्हीं म्हटलें, “नाहीं रे, तुला नाहीं.” तेवढ्यानें तो आमचा हात सोडून ताटीच्या आणखी जवळ सरकला.